अक्ष अडतो तेव्हा : जुन्या राउटरच्या दुरुस्तीविषयी

पाट्या करणाऱ्या दुकानाची पुढची बाजू धाराशिवला, उमरग्याला, कळंबला सगळीकडे सारखीच दिसते. काउंटर, कॉम्प्युटर, भिंतीला टेकवून ठेवलेले अॅक्रिलिकच्या अक्षरांचे नमुने. खरं काम मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालतं. तिथे आठ बाय चार फुटांच्या टेबलावर आडवी कमान पेलून एक राउटर मशीन उभं असतं, आणि ते बहुधा नवं नसतं. पुण्याच्या किंवा हैदराबादच्या एखाद्या कारखान्यानं नवं मशीन घेताना जुनं काढलं, ते टेम्पोत घालून इकडे आणलं. सोबत माहितीपुस्तक आलं नाही. कंट्रोलर जुना, कॉम्प्युटर त्याहून जुना, आणि त्या मॉडेलचे सुटे भाग मिळणं कधीच बंद झालेलं. असं मशीन एक दिवस चालता चालता अडखळतं. कमान एका जागी थबकते, मोटर गुरगुरते, बिट शीटमध्ये नको तिथे घुसतं आणि तीन-चार तासांचं काम वाया जातं. पुढची पानं त्या दिवसासाठी लिहिली आहेत.

हे यंत्र मुळात पाट्यांसाठी जन्मलेलं नाही. अमेरिकेत १९५२ साली एमआयटीच्या प्रयोगशाळेनं आकड्यांच्या हुकमावर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं, ते विमानांच्या भागांसाठी. पाट्यांच्या धंद्यात कॉम्प्युटर आला १९८०च्या दशकात, आधी विनाइलची अक्षरं कापायला आणि मग त्याच कल्पनेला स्पिंडल जोडून जाड शीट कापायला. आपल्याकडे तेव्हा आणि नंतरही बरीच वर्षं पेंटरच पाट्या रंगवत होते. खडू लावलेला दोर ताणून शिरोरेषा मारायची आणि तिच्याखाली अक्षर बसवायचं, ही त्यांची रीत. पुढे फ्लेक्स आला, फ्लेक्सनंतर एसीपीच्या पत्र्यावरची उठावाची अक्षरं आली आणि राउटर जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचला.

मराठी पाट्यांच्या कामाला गेल्या काही वर्षांत मोठा जोर आला, त्याची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. राज्यानं २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान असता कामा नये असंही ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या दुकानदारांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. आपल्या जिल्ह्यात त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. जिल्ह्याचं अधिकृत नाव उस्मानाबादऐवजी धाराशिव झालं. शाळा, बँका, पतसंस्था, दवाखाने, कचेऱ्या, जिथे जिथे गावाचं नाव होतं तिथली पाटी बदलायला निघाली. जी मशीनं दिवसातून तास-दोन तास चालत होती, ती रात्रीची चालू लागली. जुन्या यंत्रावर असा भार आला की त्याचे झिजलेले सांधे बोलायला लागतात.

या पुस्तिकेत एकच गोष्ट निरनिराळ्या बाजूंनी सांगितली आहे, ती इथेच मांडतो. अक्ष अडला की पहिला हात पान्याला नको, कॉम्प्युटरला नको, ड्रायव्हरच्या स्विचलाही नको. आधी वीज बंद करायची आणि अक्ष हातानं हलवून बघायचा. अडणं यंत्राच्या अंगात आहे की विजेच्या बाजूला, हे ठरल्याशिवाय एक रुपयाचा भाग मागवायचा नाही. मोटर मागवली, बसवली आणि दोष तसाच राहिला, मग ड्रायव्हर मागवला, मग कंट्रोल कार्ड, असं मी फार ठिकाणी पाहिलं आहे. पार्सल पुण्याहून यायचं, तोवर मशीन बंद आणि गिऱ्हाईक दारात. त्या दुकानदाराला मोटरीचे पैसे जड जातातच, पण बंद दिवस त्याहून जड जातात.

आधी यंत्र काय करतं ते थोडक्यात पाहू. जुन्या मशीनचे तिन्ही अक्ष बहुधा स्टेपर मोटरवर चालतात. साध्या स्टेपरची एक फेरी २०० पावलांची, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचं. मोटरीला ५ मिमी लीडचा बॉल स्क्रू जोडला असेल तर एका पूर्ण पावलात अक्ष ०.०२५ मिमी सरकतो. कंट्रोलर फक्त पावलांचे ठोके पाठवतो. पाऊल खरंच पडलं की नाही, हे त्याला उलट कळवणारं जुन्या मशीनवर कुणी नसतं. अक्ष कुठे अडला आणि मोटर जागच्या जागी थरथरली, तरी कंट्रोलरच्या हिशेबात ती पावलं पडलेली असतात. तो पुढचं अक्षर चुकीच्या जागी, पण बिनदिक्कत कापत राहतो.

आता आपल्या लिपीकडे येतो, कारण मशीनचा दोष ओळखायला देवनागरीसारखी दुसरी तपासणी मला माहीत नाही. रोमन अक्षरं सुटी असतात. एक अक्षर कापून झालं की बिट वर उचललं जातं आणि पुढच्या अक्षरावर नव्यानं उतरतं. देवनागरीत शब्द शिरोरेषेनं बांधलेला असतो. ‘तुळजापूर’ हा शब्द ठळक टाइपात घ्या आणि अक्षरं एकमेकांत जोडून टाका. बाहेरची कड एकच सलग रेषा होते. बिट शिरोरेषेच्या एका टोकाला उतरतं, पहिल्या अक्षराच्या कान्यावरून खाली जातं, उकाराला वळसा घालतं, ‘ळ’च्या गोलाईतून फिरतं, काने उतरत-चढत ‘र’पर्यंत पोचतं आणि शिरोरेषेच्या वरच्या कडेनं मूळ जागी परत येतं. हा सगळा प्रवास न उचलता होतो. वाटेत कुठेही पावलं सुटली तर शेवटचा बिंदू पहिल्याला भेटत नाही आणि शिरोरेषेत पायरी पडते. शब्द टाकून द्यावा लागतो, हे नुकसान खरंच. पण तो टाकलेला तुकडा भंगारात घालू नका. त्याच्यावर दोषाचं नाव लिहिलेलं असतं.

व्हर्नियर घेऊन ती पायरी मोजा. स्टेपर मोटर एकदा पकड सोडून घसरली की पुन्हा पकड घेते ती चार पूर्ण पावलांच्या पटीतच. म्हणजे मोटरीच्या एका फेरीत अक्ष जितका सरकतो, त्याचा पन्नासावा भाग. ५ मिमी लीडच्या स्क्रूवर हे अंतर ०.१ मिमी येतं. पायरी ०.१, ०.३, ०.८ अशा नेमक्या पटीत असेल तर मोटरीनं पावलं टाकायची सोडली आहेत. मग ती का सोडली हे शोधायचं. कुठल्याच पटीत न बसणारी पायरी असेल आणि दर तुकड्याला आकडा वेगळा येत असेल, तर कपलिंगचा ग्रब स्क्रू आधी बघा. मोटरीचा शाफ्ट कपलिंगच्या आत घसरतो आहे, अशी शक्यता दाट असते. मोटर बिचारी आपलं काम चोख करत असते.

‘ळ’कडे वेगळ्या कामासाठी बघायचं. गोलाई कापताना प्रत्येक अक्षाला दोनदा दिशा बदलावी लागते. नटमध्ये ढिलाई असेल तर ठीक त्याच चार जागी गोल चपटा पडतो, पण शब्द शेवटी नीट मिटतो, कारण ढिलाईची चूक साठत नाही. वळणदार कड करवतीसारखी बारीक दातेरी आली आणि वेग कमी केल्यावर दाते वाढले, तर अक्ष चिकटून-सुटून चालतो आहे. म्हणजे आधी जोर साठतो, मग अक्ष एकदम उडी मारतो. सुकलेलं ग्रीस, पट्टीवर घट्ट बसलेला ब्लॉक किंवा गरजेपेक्षा जास्त आवळलेला नट, यांच्याकडे तेव्हा आधी जायचं.

हातानं तपासायचं म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगतो. मेन स्विच बंद करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. स्पिंडलच्या इन्व्हर्टरमध्ये वीज गेल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहतो. उभ्या अक्षाचं काम असेल तर स्पिंडलखाली लाकडी ठोकळा द्या, नाहीतर कपलिंग सोडल्याबरोबर स्पिंडल खाली आदळेल. मग मोटर आणि स्क्रू यांमधलं कपलिंग सैल करा. एवढ्यानं मशीनचे दोन भाग झाले. एका बाजूला मोटर, केबल, ड्रायव्हर, आणि दुसऱ्या बाजूला स्क्रू, नट, बेअरिंग, पट्ट्या. स्क्रू दोन बोटांनी फिरवत अक्ष या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. सगळीकडे सारखाच हलका लागतो, की कुठे बोटं अडतात? दर फेरीला एकाच जागी जड लागत असेल तर स्क्रू वाकलेला आहे किंवा टोकाचं बेअरिंग तिरकं बसलं आहे. ठरावीक पट्ट्यातच जड लागत असेल तर नटचा ब्रॅकेट सोडवून कमान एकटी ढकलून बघा. आता जड लागली तर दोष पट्ट्यांत, हलकी झाली तर नट आणि स्क्रूमध्ये.

बोटांचा अंदाज माणसागणिक बदलतो, म्हणून मी स्प्रिंगच्या काट्याचा आग्रह धरतो. आकडा असलेला, वजन टांगून बघायचा साधा काटा. तो कमानीच्या मधोमध अडकवायचा, हळूहळू ओढायचा आणि दर १०० मिमीला किती किलोवर कमान सरकते ते कागदावर लिहायचं. डायल गेज नसलेल्या दुकानातही हे जमतं. आकडे ओळीनं लिहिले की दोष कुठल्या पट्ट्यात आहे ते दिसायला लागतं. तिथली पट्टी पुसा, बोल्ट तपासा, ब्लॉकच्या तोंडाशी काय जमलं आहे ते बघा. मात्र ब्लॉक पट्टीवरून बाहेर काढू नका आणि नट स्क्रूवरून उतरवू नका. आतल्या गोळ्या सांडल्या की त्या पुन्हा मोजून भरणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

नवरात्राच्या तोंडावर तुळजापूरच्या एका दुकानात असाच काटा लावला होता. तक्रार विचित्र होती. घराच्या, दवाखान्याच्या छोट्या पाट्या स्वच्छ निघत, आणि मोठा फलक घेतला की लांब अक्ष अर्ध्यावर गेल्यावर अडे. मालकानं ड्रायव्हर बदलून पाहिला होता. काट्याचे आकडे लिहिले तेव्हा शून्याच्या कोपऱ्याजवळ कमान अगदी हलकी, आणि पलीकडच्या बाजूला दुपटीहून जड. नटचा ब्रॅकेट सोडवल्यावर मात्र सगळीकडे सारखी. म्हणजे पट्ट्या निर्दोष. त्या मशीनवर वर्षानुवर्षं छोटं काम नेहमी त्याच कोपऱ्यात लावलं जात होतं, कारण शून्य तिथे आणि शीट धरायला ती जागा सोयीची. सगळी झीज स्क्रूच्या पहिल्या दीड फुटात झाली होती. तिथे ढिलाई आली म्हणून कुणीतरी आधी दुहेरी नट आवळला. झिजलेल्या भागात तो बरोबर बसला, पण पलीकडे जिथे स्क्रू जवळजवळ नवाच होता, तिथे तोच नट आवळून बसला आणि मोटरीला झेपेना.

जुन्या राउटरवर अक्ष अडण्याचं हे कारण मला सगळ्यांत जास्त भेटलं आहे, आणि सगळ्यांत कमी ओळखलं गेलेलंही हेच. इथे करायचं काय, तर नट पुन्हा थोडा सैल करायचा. न झिजलेल्या भागात तो मोकळा फिरेल इतकाच. झिजलेल्या भागातली उरलेली ढिलाई सॉफ्टवेअरमध्ये भरून काढायची सोय बहुतेक कंट्रोलरमध्ये असते. ती पुरत नसेल तर छोट्या कामांचं शून्य पलीकडच्या चांगल्या भागात हलवायचं. स्क्रू बदलणं हा खरा इलाज आहे, पण तो मोठ्या खर्चाचा आहे आणि हंगाम संपल्यावर सवडीनं करता येतो. दुकान चालू ठेवून दुरुस्ती करायची असते, हे मी या पुस्तिकेत कुठेही विसरलेलो नाही.

विजेच्या बाजूकडे जाताना एक ताकीद आधी. ड्रायव्हर चालू असताना मोटरीचा कनेक्टर कधीही उपटू नका. त्या एका झटक्यात चांगला ड्रायव्हर जातो. वीज बंद करून मोटर सुटी करा आणि शाफ्ट बोटांनी फिरवा. बारीक खाचा जाणवत तो फिरला पाहिजे. एका फेजच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या की शाफ्ट जड होतो, सोडल्या की हलका. सगळ्या वायरी सुट्या असूनही जड राहिला तर मोटरीचं वाइंडिंग आतून शॉर्ट आहे किंवा बेअरिंग गेलं आहे. या परीक्षेला मल्टिमीटरही लागत नाही. मल्टिमीटर असेल तर केबल तपासा. केबल चेनमध्ये वायर हजारो वेळा वाकते, आतली तार तुटते आणि वरचं आवरण धडधाकट दिसतं. वायर वाकवत ओहमचा आकडा बघितला आणि तो उड्या मारायला लागला की चोर सापडला. एका फेजची तार तुटलेली मोटर पुढे जात नाही, जागेवर थरथरते आणि गुरगुरते. ऐकणाऱ्याला वाटतं यंत्र जॅम झालं आहे.

आता आपल्या हवेविषयी. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर जातो. अॅल्युमिनियमच्या कमानीवर पोलादी पट्ट्या बोल्टनं बसवलेल्या असतात, आणि तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. १३०० मिमी लांबीत २० अंशांच्या फरकानं दोघांच्या वाढीत सुमारे ०.३ मिमीचं अंतर पडतं. बोल्ट ते मोकळं होऊ देत नाहीत, म्हणून कमान किंचित वाकते. सकाळी मऊ चालणारं मशीन दुपारी अडत असेल आणि रात्री पुन्हा सुधारत असेल, तर मोटर बदलण्याआधी शेडला छताखाली आच्छादन द्या आणि पट्टीच्या बोल्टांची ओळ नव्यानं बसवा.

धूळ हा इथला दुसरा कायमचा पाहुणा. एमडीएफचा भुगा, एसीपीचे अॅल्युमिनियमचे कीस आणि उघड्या शटरमधून येणारी काळी माती तेलात मिसळली की पट्टीवर घासणारा लगदा तयार होतो. तेल जास्त घातल्यानं अक्ष मोकळा होतो हा समज सोडायला हवा. गंज सोडवायचा स्प्रे मारला की तासभर बरं वाटतं, पण तो आतलं ग्रीस धुऊन काढतो. जुना लगदा पूर्ण पुसून काढायचा, कापडाला काही चिकटता कामा नये, आणि मग ब्लॉकच्या निपलमधून ग्रीस थोडं थोडं भरायचं.

आणि व्होल्टेज. शेतीपंपांची वीज सुटली की लाइन खाली बसते, हे इथे कुणाला सांगायला नको. जुन्या मशीनमध्ये मोटरीचा पुरवठा साध्या ट्रान्सफॉर्मरवर असतो. बाहेरचा व्होल्टेज पडला की आतलाही त्याच प्रमाणात पडतो. हळू चालताना स्टेपरला फरक जाणवत नाही, पण वेग वाढला की तिचा जोर आधीच कमी झालेला असतो आणि अपुऱ्या व्होल्टेजवर तो आणखी घसरतो. म्हणून काम ठरावीक वेळीच बिघडत असेल तर त्या वेळी मीटर लावून बघायचं. मशीनपुरता चांगला स्टॅबिलायझर हा नव्या मोटरीपेक्षा शहाणा खर्च आहे.

दोन पळवाटांविरुद्ध मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण त्या सगळीकडे शिकवल्या जातात. पहिली म्हणजे ड्रायव्हरचा करंट वाढवणं. मोटर अडथळ्यावरून जोरानं ढकलते, काही दिवस काम निघतं. मग मोटर हाताला चटका बसेल इतकी तापते, ड्रायव्हर बंद पडतो आणि मूळचा जड नट किंवा पट्टी तोवर कायमची खराब झालेली असते. दुसरी म्हणजे फीड कमी करणं. हळू चालल्यावर अॅक्रिलिक कापलं जात नाही, घासलं जातं. ते वितळतं, बिटवर गुंडाळलं जातं, बिट मोडतं, आणि दोष बिटावर ढकलला जातो. थोड्या वेळापुरता वेग कमी करून निदान करणं वेगळं, त्यावर धंदा चालवणं वेगळं.

लांब अक्षाला दोन बाजूंना दोन मोटरी असतील तर एक तपासणी सगळ्यांच्या आधी करायची. एका बाजूची पावलं सुटली की कमान तिरकी होते आणि तिरकी कमान स्वतःच अडते. दोन्ही बाजूंची टोकापासूनची अंतरं टेपनं मोजा. फरक असेल तर वीज बंद करून कमान दोन्ही बाजूंच्या टोकाच्या ठोकळ्यांना टेकवून काटकोनात आणा आणि मगच पुढचं काही बघा.

पुस्तिकेच्या शेवटी कोरे तक्ते दिले आहेत. दर अक्षाला एक. त्यात दर १०० मिमीचा काट्याचा आकडा, त्या दिवशीचं शेडमधलं तापमान, लाइनचा व्होल्टेज आणि ग्रीस केल्याची तारीख लिहायला जागा आहे. पहिला तक्ता मशीन नीट चालत असतानाच भरून ठेवावा. निरोगी अक्षाचे आकडे हाताशी नसतील तर अडलेल्या अक्षाचे आकडे कशाशी ताडणार? तक्त्याची प्रत कंट्रोल पॅनेलच्या दाराला आतून चिकटवली तर मशीन पुन्हा विकलं गेलं तरी ती नव्या मालकासोबत जाईल.